माकोतो हासेबे : एकेक ओळ मागे सरकत गेलेली कारकीर्द

आपण दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. आपल्या अकादमीतला सतरा वर्षांचा, मधल्या फळीत आक्रमक खेळणारा मुलगा या मोसमात राइट बॅकच्या, म्हणजे उजव्या कडेच्या बचावपटूच्या, जागी खेळवला जात असल्यामुळे नाराज आहे आणि त्याचे वडील त्याला दुसऱ्या क्लबात नेण्याच्या विचारात आहेत, ही एक. जपानचे खेळाडू मायदेशातून युरोपात जाऊन वर्षानुवर्षे कसे टिकतात, ते एखाद्या खेळाडूच्या प्रवासातून सविस्तर सांगावे, ही दुसरी. गेली सव्वीस वर्षे मी कुमार गटातल्या मुलांना शिकवतो आहे आणि या काळात जपानी फुटबॉल मी सातत्याने पाहत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपले हे दोन्ही प्रश्न एकाच माणसापाशी येऊन भेटतात, आणि तो माणूस म्हणजे माकोतो हासेबे.

जपानी खेळाडूंचा विषय निघाला की आपल्याकडे 'शिस्त' हा एकच शब्द पुढे केला जातो. तो शब्द खोटा नाही, पण त्याने काही उलगडतही नाही. शिस्तीचे खेळाडू जपानच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागातही भरपूर आहेत आणि त्यांतले बहुतेक तिथेच निवृत्त होतात. हिदेतोशी नाकाता किंवा शिंजी कागावा यांची उदाहरणे देणे सोपे होते, परंतु असामान्य प्रतिभेच्या खेळाडूकडून सामान्य मुलाला शिकण्यासारखे थोडेच असते, असे माझे मत आहे. हासेबे फार वेगवान नव्हता आणि गोल करणारा म्हणून तर त्याची कधीच ओळख नव्हती. तरीही बुंडेसलिगा या जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये त्याने ३८४ सामने खेळले, वयाच्या चाळिशीपर्यंत तो मैदानात होता आणि जपानचे नेतृत्व त्याने ८१ सामन्यांत केले.

त्याचा जन्म १८ जानेवारी १९८४ रोजी शिझुओका प्रांतातल्या फुजिएदा गावी झाला. हा प्रांत जपानी फुटबॉलचे माहेरघर मानला जातो. तो ज्या शाळेत शिकला ती फुजिएदा हिगाशी ही सरकारी शाळा फुटबॉलसाठी कित्येक दशके प्रसिद्ध आहे. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. जपानची व्यावसायिक जे-लीग १९९३ साली दहा क्लबांनिशी सुरू झाली, म्हणजे हासेबे तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्या आधीच्या पिढीला व्यावसायिक खेळाडू होणे हे जवळपास अशक्य स्वप्न होते, तर त्याच्या पिढीसमोर ती एक ठरलेली वाट होती. पण ती वाट क्लबांच्या अकादमीतूनच जाते असे नाही. आजही जपानमध्ये शालेय फुटबॉलची स्पर्धा देशभर पाहिली जाते आणि अकादमीत न निवडलेला मुलगा शाळेतून अठराव्या वर्षी व्यावसायिक करारापर्यंत पोहोचू शकतो. चौदाव्या वर्षी मागे राहिलेल्या मुलालाही सतराव्या वर्षी पुन्हा दार उघडे मिळते, ही त्या व्यवस्थेची खरी ताकद आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. हासेबेही वयोगटाच्या राष्ट्रीय संघांमध्ये गाजलेले नाव नव्हते.

२००२ मध्ये शाळा संपताच तो सायतामाच्या उरावा रेड डायमंड्स या क्लबात दाखल झाला. पहिले वर्ष जवळजवळ बाकावर बसण्यातच गेले. त्यानंतर हान्स ओफ्ट या डच प्रशिक्षकाने त्याला संघात आणले, आणि २००४ पासून गुइडो बुखवाल्ड यांच्या हाताखाली तो संघाचा आधार बनला. बुखवाल्ड हे १९९० चा विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनीच्या संघातले बचावपटू, आणि पुढे स्वतः उरावाकडून खेळलेले. त्यांच्यानंतर आलेले होल्गर ओसिएकही जर्मनच. म्हणजे जर्मनीचे विमान पकडण्यापूर्वी चार वर्षे हा मुलगा जर्मन पद्धतीच्या सरावात वाढत होता. परदेशी जाण्याची तयारी परदेशी गेल्यावर सुरू होते, असा आपल्याकडच्या पालकांचा समज असतो. हासेबेची तयारी सायतामातच झाली होती.

त्या काळचा हासेबे ज्यांनी पाहिला आहे, त्यांना फ्रँकफर्टचा हासेबे ओळखू आला नसता. उरावाचा हासेबे चेंडू पायात घेऊन मध्यातून सरळ आत घुसणारा, दोनतीन जणांना चकवणारा आक्रमक मिडफिल्डर होता. २००४ मध्ये त्याची लीगच्या सर्वोत्तम अकरा खेळाडूंत निवड झाली, २००६ मध्ये उरावाने लीगचे विजेतेपद पटकावले आणि २००७ मध्ये इराणच्या सेपाहानला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. मात्र याच काळात तो केइता सुझुकीच्या शेजारी, बचावफळीच्या पुढ्यात खेळू लागला होता. चेंडू घेऊन धावण्यापेक्षा तो मिळवून पुढे देण्याचे काम त्याच्याकडे वाढत गेले. मागे सरकण्याचे पहिले पाऊल त्याने मायदेशीच टाकले होते. राष्ट्रीय संघात त्याचे पदार्पण फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकेविरुद्ध झाले, पण त्याच वर्षीच्या विश्वचषकासाठी जपानचे तेव्हाचे प्रशिक्षक झिको यांनी त्याला निवडले नाही.

जानेवारी २००८ मध्ये तो वोल्फ्सबुर्ग या जर्मन क्लबाकडे गेला. जपानी खेळाडूंचा ओघ जर्मनीकडेच इतका का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर बरेचसे नियमांत आहे. इंग्लंडमध्ये खेळण्यासाठी राष्ट्रीय संघाच्या सामन्यांवर आधारलेला परवाना लागत असे, इटली आणि स्पेनमध्ये युरोपबाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा होती. जर्मनीने मात्र २००६ च्या सुमारास ही मर्यादा काढून टाकली आणि त्याऐवजी प्रत्येक क्लबात ठरावीक संख्येने जर्मन खेळाडू असावेत अशी अट ठेवली. त्यामुळे जर्मन क्लबाला जपानी खेळाडू घेताना दुसऱ्या कोणा परदेशी खेळाडूची जागा रिकामी करावी लागत नसे. शिवाय तो स्वस्तात मिळे. पुढे २०१० मध्ये डॉर्टमुंडने कागावाला अवघ्या साडेतीन लाख युरोंत नेले, ते याच काळात. राहिली गोष्ट जानेवारीची. जपानचा मोसम तेव्हा वसंतात सुरू होऊन डिसेंबरात संपत असे, म्हणून मोसम संपवून निघालेला जपानी खेळाडू युरोपात ऐन मध्यावर, रंगात आलेल्या संघात, हाडे गोठवणाऱ्या थंडीत पोहोचे. आता जे-लीग आपले वेळापत्रक २०२६ पासून युरोपाप्रमाणे करत आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

या वाटेवरचा पहिला वाटसरू यासुहिको ओकुदेरा. प्रशिक्षक हेनेस वाइसवायलर यांनी १९७७ मध्ये त्याला कोलोनला नेले आणि पहिल्याच मोसमात तो लीग आणि चषक दोन्ही जिंकणाऱ्या संघात होता. त्यानंतर बुंडेसलिगा जिंकणाऱ्या संघाचा पाया ठरलेला जपानी खेळाडू दिसायला २००९ साल उजाडले. ते वर्ष वोल्फ्सबुर्गचे होते.

फोक्सवॅगनच्या कारखान्याभोवती उभे राहिलेले ते गाव, आणि फेलिक्स मागाट हे प्रशिक्षक. जड मेडिसिन बॉल उचलून पळायला लावणारे, खास बांधलेल्या टेकडीवरून पुन:पुन्हा चढउतार करून घेणारे म्हणून मागाट यांची ख्याती होती. २००८-०९ च्या मोसमात ग्राफितेने २८ आणि एडिन झेकोने २६ गोल केले, मिसिमोविचने त्या दोघांना पास पुरवले आणि क्लबने इतिहासात पहिल्यांदा लीग जिंकली. सगळे छायाचित्र या तिघांचे. मात्र प्रशिक्षकाच्या नजरेने ते सामने पाहिले तर हिऱ्याच्या आकारात मांडलेल्या मधल्या फळीच्या उजव्या टोकाला हासेबे काय करत होता, हे पाहण्यासारखे आहे. मिसिमोविच परत धावत येत नसे. त्याची धाव हासेबे धावत असे. उजवीकडचा बचावपटू पुढे गेला की त्याची जागा हासेबे झाकत असे. हे काम कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही, पण ते करणारा संघात नसला की तिसऱ्याच सामन्यात सगळ्यांच्या लक्षात येते.

वोल्फ्सबुर्गमध्ये त्याला उजवी कड, राइट बॅक, मध्य अशा सगळीकडे फिरवले गेले. सप्टेंबर २०११ मध्ये हॉफेनहाइमविरुद्ध तर गोलरक्षक मार्विन हिट्झला रेड कार्ड मिळाले, बदली खेळाडू उतरवून झाले होते, तेव्हा शेवटची काही मिनिटे हासेबेने गोलरक्षकाचा शर्ट चढवला. त्याच्यावर एक गोल झाला. तो करणारा रोबेर्तो फिर्मिनो. ही घटना लोक गंमत म्हणून सांगतात. मला मात्र त्यात मागाट यांचा निवाडा दिसतो, कारण अकरा जणांतून अशा वेळी कोणावर बोट ठेवायचे हे प्रशिक्षकाला आधीपासून ठाऊक असते.

परंतु सगळे सुरळीत होते असे नाही, आणि आपल्या विद्यार्थ्याला हा भाग आवर्जून सांगावा. २०१२ च्या उन्हाळ्यात क्लब बदलण्याची त्याची धडपड जमली नाही आणि मोसमाचे सुरुवातीचे आठवडे मागाट यांनी त्याला बाहेरच ठेवले. मागाट यांना काढल्यानंतरच तो संघात परतला. सप्टेंबर २०१३ मध्ये तो न्यूर्नबर्गला गेला, आणि मध्यभागी नियमितपणे खेळायला मिळावे ही अपेक्षा त्या निर्णयामागे मोठी होती. त्याला ती जागा मिळालीही. पण गुडघा दुखावला, निम्म्याहून अधिक मोसम वाया गेला आणि न्यूर्नबर्ग दुसऱ्या विभागात घसरले. दुखापतीचा दोष कोणत्याही निर्णयाला देता येत नाही, हे मान्य. तरीही हवी असलेली जागा मिळवण्यासाठी क्लब बदलला तो मोसम त्याच्या जर्मनीतल्या सोळा वर्षांतला सर्वांत वाईट ठरला, ही नोंद त्या मुलाच्या वडिलांना दाखवण्यासारखी आहे.

२०१४ मध्ये तो आइनट्राख्ट फ्रँकफर्टकडे आला तेव्हा तिशीत होता. इथेही पुष्कळ काळ तो राइट बॅक होता. २०१६ च्या वसंतात संघ घसरणीच्या उंबरठ्यावर असताना निको कोवाच प्रशिक्षक म्हणून आले. पहिल्या विभागातले स्थान वाचवण्यासाठी जे दोन सामने खेळावे लागले ते नेमके न्यूर्नबर्गविरुद्ध, आणि फ्रँकफर्टने १-१, १-० अशी सुटका करून घेतली. पुढच्या मोसमात कोवाच यांनी तीन बचावपटूंची मांडणी आणली आणि मधल्या जागी, लिबेरो म्हणून, हासेबेला उभे केले.

ही जागा थोडी समजावून सांगायला हवी. तिघांतले कडेचे दोघे प्रतिस्पर्ध्याच्या आघाडीवाल्यांना भिडतात, मधला मात्र कोणा एकाच्या मागे लागत नाही. कोणती भिंत आता पडणार हे तो आधी ओळखतो आणि तिथे जाऊन उभा राहतो. चेंडू आपल्याकडे आला की तोच एक ओळ पुढे सरकून मिडफिल्डर बनतो आणि पहिला पास टाकतो. या जागेवर वेग कमी असला तरी चालतो, वाचन कमी असून चालत नाही. आता हासेबेच्या आधीच्या चौदा वर्षांकडे पाहा. आक्रमक मिडफिल्डर म्हणून त्याने बचावफळीतल्या फटी शोधल्या होत्या, म्हणून त्या कुठे पडतात हे तो जाणत होता. राइट बॅक म्हणून कडेच्या बचावपटूच्या अडचणी भोगल्या होत्या. बचावात्मक मिडफिल्डर म्हणून दबावाखाली चेंडू फिरवला होता. मनाविरुद्ध खेळलेली प्रत्येक जागा या एका जागेत जमा झाली. बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी तो त्या देशातल्या सर्वोत्तम लिबेरोंपैकी एक झाला, आणि ज्या देशाने ही जागा बेकेनबाउअरच्या रूपाने जगाला दाखवली त्या देशातली वृत्तपत्रे त्याचे कौतुक करू लागली.

मार्च २०१७ मध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध गोल वाचवण्याच्या प्रयत्नात तो खांबावर आदळला आणि उरलेल्या मोसमाला मुकला. त्या वर्षी जर्मन चषकाची अंतिम लढत फ्रँकफर्टने त्याच्याविना गमावली. पुढच्याच वर्षी, १९ मे २०१८ रोजी, बर्लिनमध्ये त्याच बायर्नला ३-१ ने हरवून फ्रँकफर्टने चषक जिंकला. १९८८ नंतर क्लबचे ते पहिले मोठे यश होते, आणि हासेबे मैदानात होता. २०१९ मध्ये युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत चेल्सीने पेनल्टी शूटआउटवर हरवले. जून २०२० मध्ये त्याने चा बुम-कुन यांचा ३०८ सामन्यांचा विक्रम मागे टाकला आणि बुंडेसलिगात सर्वाधिक सामने खेळणारा आशियाई खेळाडू ठरला. कोरियाचे चा हेही फ्रँकफर्टचेच, १९८० मध्ये क्लबला युएफा कप मिळवून देणाऱ्या संघातले. त्यानंतर युरोपातला मोठा चषक या क्लबला मिळाला तो थेट १८ मे २०२२ रोजी सेव्हिलमध्ये, ग्लास्गोच्या रेंजर्सविरुद्ध. रेंजर्सच्या गोलच्या वेळी बचावपटू तुता घसरून पडला, जायबंदी झाला, आणि ५८व्या मिनिटाला संघ एका गोलने मागे असताना प्रशिक्षक ओलिव्हर ग्लासनर यांनी अडतीस वर्षांच्या हासेबेला उतरवले. फ्रँकफर्टच्या बोरेने बरोबरी साधली, जादा वेळेत काही झाले नाही आणि शूटआउट फ्रँकफर्टने ५-४ असे जिंकले.

राष्ट्रीय संघाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते आपल्याला बहुतेक माहीत असेल. २०१० च्या विश्वचषकाआधी जपान सराव सामने एकामागून एक हरत होते. स्पर्धा तोंडावर असताना प्रशिक्षक ताकेशी ओकादा यांनी अनुभवी नाकाझावाकडून कर्णधाराचा पट्टा काढून सव्वीस वर्षांच्या हासेबेच्या दंडावर बांधला. जपान बाद फेरीत पोहोचले, तिथे पॅराग्वेविरुद्ध पेनल्टींवर हरले, आणि पट्टा पुढे आठ वर्षे त्याच्याकडेच राहिला. २०११ चा आशियाई चषक त्याने उंचावला. त्याच वर्षीच्या भूकंप आणि त्सुनामीनंतर स्वतःच्या पुस्तकाची कमाई त्याने युनिसेफमार्फत मदतकार्याला दिली.

मला सर्वांत बोलका वाटतो तो २८ जून २०१८ चा व्होल्गोग्राडमधला पोलंडविरुद्धचा सामना. प्रशिक्षक आकिरा निशिनो यांनी सहा बदल केले होते आणि हासेबे बाकावर होता. जपान ०-१ ने मागे होते, पण तिकडे सेनेगलही कोलंबियाविरुद्ध तेवढ्याच फरकाने मागे पडले. दोन्ही सामने असेच संपले असते तर कमी यलो कार्डे असल्यामुळे जपान पुढे जाणार होते. हा हिशेब मैदानातल्या अकरा जणांना ओरडून समजावता येत नाही. ८२व्या मिनिटाला निशिनो यांनी हासेबेला आत पाठवले. त्याने सगळ्यांना सांगितले की पुढे जायचे नाही आणि कार्ड घ्यायचे नाही; प्रेक्षक शिट्ट्या मारत राहिले, जपान मागच्या मागे चेंडू फिरवत राहिले आणि चार कार्डे विरुद्ध सहा कार्डे या फरकाने बाद फेरीत गेले. ते खेळाच्या दृष्टीने शोभले का, यावर माझे आणि माझ्या सहकाऱ्यांचे आजही भांडण होते. पण निरोप पोहोचवायला निवडलेला माणूस चुकीचा होता असे कोणीच म्हणत नाही. पुढच्या सामन्यात बेल्जियमविरुद्ध दोन गोलांची आघाडी घेऊन जपान ३-२ ने हरले आणि ११४ सामन्यांनंतर तो राष्ट्रीय संघातून बाजूला झाला.

१८ मे २०२४ रोजी लाइपझिगविरुद्धच्या सामन्यानंतर त्याने खेळणे थांबवले. २०२२ मध्ये करार वाढवतानाच पुढच्या प्रशिक्षणाच्या कामाचा विचार क्लबने केला होता. त्याप्रमाणे तो फ्रँकफर्टच्या युवा संघाकडे वळला, आणि त्याच वर्षी जपानच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक ताफ्यातही सामील झाला.

उलट्या दिशेने आलेला एक जपानी खेळाडू आपल्यापैकी अनेकांनी बालेवाडीत पाहिला आहे. महिंद्र युनायटेड आणि पुणे एफसीकडून खेळलेल्या अराता इझुमीने २०१२ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले आणि मग तो भारताकडून खेळला. त्याचे सामने पाहताना मी मुलांना एकच गोष्ट बघायला सांगत असे : चेंडू येण्यापूर्वी तो खांद्यावरून मागे किती वेळा पाहतो.

आता आपल्या विद्यार्थ्याविषयी. त्याला राइट बॅकला का खेळवले, हे त्याच्या प्रशिक्षकाने त्याला समोर बसवून सांगितले आहे का, याची आधी खात्री करा. कारण न सांगता जागा बदलली असेल तर मुलाची नाराजी रास्त आहे आणि चूक आपल्या बाजूची आहे. वडील ज्या क्लबाचा विचार करत आहेत तिथे मधल्या फळीत सध्या किती जण आहेत आणि त्यांची वये काय, ही यादी त्यांना स्वतःच्या हाताने लिहायला लावा. या मोसमात जागा बदलू नका, मात्र आठवड्यातून एका सरावात त्याला वीस मिनिटे जुन्या जागी खेळू द्या. ती जागा त्याच्याकडून कायमची हिरावून घेतलेली नाही, हे त्याला दिसले पाहिजे. आणि राइट बॅकच्या जागेवरचे त्याचे दोन सामने चित्रित करून मला पाठवा. कॅमेरा चेंडूमागे फिरवू नका, पूर्ण वेळ त्याच्यावरच रोखून ठेवा, कारण चेंडू दुसऱ्या कडेला असताना तो कुठे उभा राहतो आणि कुठे बघतो, हे मला पाहायचे आहे.